दोन कप्प्यांचा बेस रिफ्लेक्स डबा: कसा चालतो, कसा बांधायचा

स्पीकरच्या डब्यात आडवं पार्टिशन घातलं, दोन्ही कप्प्यांना पाइप लावले, की बेस आणखी खोल जातो असं पुण्यात साउंडवाल्यांकडून आणि घरी स्पीकर बांधणाऱ्यांकडूनही नेहमी ऐकायला मिळतं. तसं होत नाही. तेवढ्याच लिटरचा आणि तेवढ्याच फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला एका कप्प्याचा डबाही तितकाच खोल जातो. दुसऱ्या कप्प्यामुळे मिळतं ते वेगळंच. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या, पडद्याला जी पुढेमागे धाव घ्यावी लागते, ती एका फ्रिक्वेन्सीला नाही तर दोन फ्रिक्वेन्सींना आवरली जाते, आणि या दोन फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून जवळजवळ एक सप्तक दूर असतात. धाव कमी झाली की आवाजातली विकृती (डिस्टॉर्शन) कमी होते आणि तोच वूफर जास्त मोठ्याने वाजवता येतो. मोबदल्यात काही गमवावंही लागतं. काय मिळतं आणि काय जातं हे समजून घेऊनच करवत हातात घ्यावी, म्हणून हा लेख.

आधी एक कप्पा

वूफरचा पडदा पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. डबाच नसेल तर पुढची हवा कडेने वळून मागची पोकळी भरते आणि खालचे सूर जागच्या जागी मरतात. बंद डबा मागचा आवाज कोंडून ठेवतो. बेस रिफ्लेक्स डबा तोच मागचा आवाज कामाला लावतो. डब्याला एक पाइप असतो. पाइपमधली हवा हे वजन, डब्यातली हवा ही स्प्रिंग. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की त्यांची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी ठरते, तिलाच डब्याचं ट्यूनिंग म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो सूर घुमतो तो याच जोडीचा. बाटलीत निम्मं पाणी भरा, सूर चढतो, कारण आतली हवा कमी झाली आणि स्प्रिंग कडक झाली. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात.

त्या फ्रिक्वेन्सीला डब्यात काय घडतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. झोपाळ्याला लयीत झोका देणारा हात जेमतेम इंचभर हलतो, झोपाळा मात्र हातभर जातो. ट्यूनिंग फ्रिक्वेन्सीला वूफरचा पडदा हा तो हात आणि पाइपमधली हवा हा झोपाळा. पडदा जवळपास थांबलेला दिसतो, आणि आवाज पाइपातून येत असतो. पडदा हलत नसताना इतका आवाज येतो कुठून, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतंच.

ट्यूनिंगच्या खाली गेलो की चित्र उलटतं. पाइप नुसतं भोक बनतो, मागची हवा त्यातून उलट फेजमध्ये, म्हणजे समोरच्या आवाजाच्या नेमकी उलट हलत, बाहेर येते आणि समोरचा आवाज खोडते. बंद डब्याचा आवाज खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, रिफ्लेक्सचा २४ डेसिबलने. शिवाय पडद्यामागे आधार उरत नसल्याने तो मोकाट धावतो. जळालेल्या किंवा फाटलेल्या वूफरपैकी कितीतरी याच पट्ट्यात जातात. दोन कप्पे केले तरी हा धोका तसाच राहतो.

बेस रिफ्लेक्सचं पेटंट अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या अल्बर्ट थुरासला १९३२ साली मिळालं. पण डबा किती लिटरचा आणि पाइप केवढा हे बराच काळ अंदाजाने आणि कानाने ठरत होतं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने ते गणितात बसवलं, आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉलने ते पूर्ण केलं. आज वूफरच्या माहितीपत्रकात एफएस (वूफरची स्वतःची मोकळ्या हवेतली फ्रिक्वेन्सी), क्यूटीएस (त्या फ्रिक्वेन्सीला पडद्याचं हलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) आणि व्हीएएस (पडद्याच्या लवचिकतेएवढीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये) हे आकडे छापलेले असतात, ते या दोघांच्या कामामुळे.

दुसरा कप्पा कशासाठी

त्याच १९६१ सालच्या डिसेंबरमध्ये जॉर्ज ऑग्सपर्गर या अमेरिकी अभियंत्याने एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात दोन कप्प्यांचा डबा मांडला. त्याची रचना साधी आहे. डब्याचे २:१ प्रमाणात दोन भाग करायचे. वूफर मोठ्या कप्प्यात. मोठ्या कप्प्याला बाहेर उघडणारा एक पाइप, लहान कप्प्याला बाहेर उघडणारा एक पाइप, आणि मधल्या पार्टिशनमध्ये दोन्ही कप्पे जोडणारा तिसरा. तिन्ही पाइप सारख्याच मापाचे.

आता या डब्याला एकाऐवजी दोन ट्यूनिंग फ्रिक्वेन्सी असतात. खालच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही कप्प्यांतला दाब एकाच वेळी वाढतो आणि एकाच वेळी कमी होतो. मधल्या पाइपात फारशी ये-जा होत नाही. डबा जवळपास असा वागतो, जणू पार्टिशन नाहीच आणि बाहेर दोन पाइप आहेत. वरच्या फ्रिक्वेन्सीला नेमकं उलट होतं. एका कप्प्यात दाब वाढतो तेव्हा दुसऱ्यात घटतो, आणि मधल्या पाइपातली हवा सर्वात जोरात धावते. समीकरण मांडलं तर २:१ प्रमाणात या दोन फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर १.९३ येतं, म्हणजे सप्तकाला (दुपटीला) जरासंच कमी. ऑग्सपर्गरने हे प्रमाण का निवडलं ते इथे दिसतं. पडदा दोन ठिकाणी थांबतो, आणि मधल्या पट्ट्यातही त्याची धाव साध्या रिफ्लेक्सपेक्षा फारशी वाढत नाही.

आता गमावण्याची बाजू. बहुतेक वर्णनांत ती सांगितलेली नसते. वरच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही कप्प्यांचे दाब उलट असतात, म्हणून बाहेरचे दोन पाइपही एकमेकांच्या उलट वाजतात. एक हवा बाहेर फेकतो तेव्हा दुसरा आत ओढतो. दोघांचा बराचसा आवाज एकमेकांत विरतो. वरच्या ट्यूनिंगच्या अगदी किंचित वर अशी एक जागा येते, जिथे पडदा आणि दोन्ही पाइप यांची बेरीज, घर्षण धरलं नाही तर, शून्य होते. प्रत्यक्षात पाइपच्या भिंतींवरचं घर्षण आणि डब्याची गळती यांमुळे शून्य होत नाही, पण एक अरुंद खड्डा उरतोच. तो रुंद नसल्याने संगीतात बऱ्याचदा जाणवत नाही. मात्र तुमच्या वाद्याचा मुख्य सूर नेमका तिथेच पडला तर तेवढा एक सूर बारीक ऐकू येईल. म्हणून डबा कशासाठी हवा आहे ते आधी ठरवावं.

माझं मत स्पष्ट आहे. दहा बाय बाराच्या खोलीत शांतपणे ऐकण्यासाठी हा डबा करू नये. तिथे वूफरची धाव संपेपर्यंत आवाज वाढवायची वेळच येत नाही. १२ फुटांच्या लांबीमुळे खोली स्वतःच ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते, तेव्हा डब्यातल्या बारकाव्यापेक्षा स्पीकर भिंतीपासून किती दूर आहे याने जास्त फरक पडतो. पण छोट्या सभागृहात लहानशा वूफरकडून ढोलाचा ठोका, पखवाजाची थाप किंवा बेस गिटार मोठ्याने आणि स्वच्छ काढायची असेल, तर दोन कप्प्यांचा खटाटोप सार्थकी लागतो.

एक गल्लत इथेच दूर करायला हवी. गाड्यांमधल्या काही सबवूफरमध्ये वूफर पार्टिशनवरच बसवलेला असतो, बाहेरून दिसतच नाही, आणि सगळा आवाज फक्त पाइपातून येतो. त्यातही दोन कप्पे असतात, पण तो बँडपास डबा. तो ठरावीक पट्टाच वाजवतो, त्या पट्ट्यात जोरदार वाजतो, आणि चुकीच्या मापाने बांधला तर एकाच सुरात धबधबत राहतो. आपल्या डब्यात पडदा समोरून उघडा आहे. दोघांचं गणित वेगळं, एकाची मापं दुसऱ्याला लावू नयेत.

मापं काढू

उदाहरणाला १० इंची वूफर घेऊ. क्यूटीएस ०.४ च्या जवळपास असेल तर रिफ्लेक्सला उत्तम. तेव्हा डब्याचं घनफळ साधारण व्हीएएसएवढं आणि ट्यूनिंग साधारण एफएसएवढं घेतलं की आवाज सपाट येतो. क्यूटीएस ०.५ च्या वर असलेला वूफर बंद डब्यात घालावा. रिफ्लेक्समध्ये तो गुरगुरतो. आपला वूफर ६० लिटर व्हीएएस आणि ४० हर्ट्झ एफएसचा आहे असं धरू. म्हणजे ४० लिटरचा मोठा कप्पा, २० लिटरचा लहान, आणि खालचं ट्यूनिंग ४० हर्ट्झ. बेस गिटारच्या सर्वात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, त्यामुळे तो पूर्ण आवाक्यात येतो.

आधी एकच पाइप आणि २० लिटरचा लहान कप्पा यांची सुटी फ्रिक्वेन्सी काढायची. २:१ च्या डब्यात खालचं ट्यूनिंग या सुट्या फ्रिक्वेन्सीच्या ०.८ पट पडतं आणि वरचं १.५४ पट. म्हणजे खाली ४० हवं असेल तर सुटी फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ हवी, आणि वरचं ट्यूनिंग ७७ ला जाईल.

सूत्र असं: पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ भागिले डब्याचं घनफळ, भागिले पाइपची परिणामी लांबी. या उत्तराचं वर्गमूळ काढा आणि ५५ ने गुणा. सगळी मापं मीटरमध्ये हवीत, म्हणजे २० लिटर हे ०.०२ घनमीटर. परिणामी लांबी म्हणजे खरी लांबी अधिक व्यासाच्या ०.७३ पट, कारण पाइपच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते. प्लंबरकडचा ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप घ्या. ते माप बाहेरचं असतं, आतला व्यास सुमारे ७० एमएम भरतो. तोंडाचं क्षेत्रफळ ०.००३८५ चौरस मीटर. लांबी १८ सेंटिमीटर ठेवली तर परिणामी लांबी २३.१ सेंटिमीटर. हिशोब केला की ५० हर्ट्झ येतात. तिन्ही पाइप १८ सेंटिमीटरचे.

अरुंद पाइप घेतला असता तर तो आखूडही चालला असता आणि जागा वाचली असती. पण हवा फार वेगाने जाऊ लागली की पाइप फुसफुसतो. साधारण १७ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली वेग ठेवावा असा संकेत आहे. पाइपच्या दोन्ही कडा कानशीने गोलसर केल्या की फुसफुस बरीच कमी होते.

आतलं माप ३२ सेंटिमीटर रुंद आणि ३४ सेंटिमीटर खोल घेऊ. वूफरचा चुंबक, पाइप आणि आधाराच्या पट्ट्या आत जागा खातात, तेवढी भर घालायला हवी. मोठ्या कप्प्यात ४० ऐवजी पावणेपंचेचाळीस लिटर आणि लहानात साडेएकवीस लिटरच्या आसपास धरावेत. मग मोठ्या कप्प्याची उंची ४१ सेंटिमीटर येते आणि लहानाची पावणेवीस. मधला पाइप पार्टिशनमध्ये उभा बसवायचा, अर्धा वर आणि अर्धा खाली. लहान कप्प्याचा बाहेरचा पाइप आडवा येतो, तो मधल्या पाइपाला अडणार नाही इतका कडेला घ्या. हे आधी कागदावर आखून बघाच. पाइपच्या आतल्या तोंडापुढे निदान पाइपच्या व्यासाएवढी मोकळी जागा राहिली पाहिजे.

प्लायवूड, गोंद आणि गळती

वूफर, टर्मिनल, क्रॉसओव्हरचा (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचा) माल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो, प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये. वूफर घेताना आकड्यांचा कागद मागा. कागद नसलेला वूफर स्वस्त मिळाला तर घ्यायला हरकत नाही, पण मग एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस स्वतः मोजल्याशिवाय एक फळीही कापू नका.

प्लाय १९ एमएमचा, म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सूत. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय पुण्याच्या पावसाळ्यात टिकतो. आयएस ३०३ चा कमर्शियल प्लाय घरात चालून जातो, फक्त कडा सील करायला हव्यात. एमडीएफ कापायला सोपा आणि आवाजालाही चांगला, पण त्याच्या उघड्या कडेला ओल लागली की ती फुगते आणि मग वूफरचे स्क्रू धरत नाहीत. दोन डबे करायचे असतील तर आठ बाय चारची एक शीट पुरेल असं क्षेत्रफळावरून वाटतं. पण तुकडे मांडून बघितले की एखादी आडवी फळी कमी पडते. तेवढा तुकडा वेगळा घ्यावा.

कापून देणाऱ्याला सांगायची गोष्ट एकच: समोरासमोरच्या फळ्या एकाच सेटिंगवर कापायच्या. मापात अर्धा सूत इकडेतिकडे झालं तर आवाजाला काही फरक पडत नाही. पण दोन बाजू एकमेकींपेक्षा अर्धा सूत लहानमोठ्या निघाल्या, तर पार्टिशन एका कडेला घट्ट आणि दुसऱ्या कडेला फटीत बसतं. आणि या डब्यात सर्वात जपायचा सांधा तोच आहे. बाहेरच्या सांध्यातून गळती झाली तर हवा शिट्टी मारते, ती ऐकू तरी येते. पार्टिशनच्या कडेने झालेली गळती ऐकू येत नाही. ती दोन कप्प्यांमध्ये एक चौथा, गळका पाइप तयार करते आणि वरचं ट्यूनिंग पुसून टाकते. म्हणून पार्टिशन चारही बाजूंनी पाव इंच खोल खाचेत बसवा, खाच फेविकॉलने भरा, आणि वाळल्यावर आतून सगळीकडे सिलिकॉनची रेघ ओढा. फळ्या कापतानाच पार्टिशनचं माप त्या खाचेइतकं वाढवून द्या. ट्वीटरची (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) वायर पार्टिशनमधून जात असेल तर ते भोकही बंद करा.

पार्टिशनचा एक फायदा फुकट मिळतो. ते चारही बाजूंना धरून ठेवत असल्याने डब्याच्या भिंती थरथरत नाहीत. मोठ्या कप्प्यात तरीही एक आडवी पट्टी हवीच.

गळती शोधायला उदबत्ती पुरते. डबा बंद करून ३० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवा. सांधा बंद असेल तर धूर सरळ वर जातो. फट असेल तिथे धुराची रेघ सुराबरोबर थडथडते. वूफरच्या रिंगभोवती आणि टर्मिनलभोवती विशेष बघा. वूफरखाली फोमची गॅस्केट घातली नसेल तर गळती बहुधा तिथेच सापडते. पार्टिशनची गळती मात्र धुराने कळत नाही, त्यासाठी मोजमापच करावं लागतं.

मोजून जुळवणं

कानाने दोन ट्यूनिंग जुळत नाहीत. आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर जोडला की त्यातून वूफरच्या इम्पीडन्सचा, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला तो विजेला किती विरोध करतो त्याचा, आलेख काढता येतो. मोकळ्या हवेत या आलेखाला एफएसवर एकच उंचवटा असतो. साध्या रिफ्लेक्स डब्यात दोन उंचवटे आणि मधे एक दरी. आपल्या डब्यात तीन उंचवटे आणि दोन दऱ्या दिसल्या पाहिजेत. दऱ्यांचे तळ म्हणजे दोन ट्यूनिंग. आपल्या हिशोबाने त्या ४० आणि ७७ हर्ट्झला हव्यात.

पहिल्या फेरीत त्या नेमक्या तिथे येत नाहीत, म्हणून पाइप सुरुवातीला हिशोबापेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त लांब ठेवावेत आणि चिकटवू नयेत. लांब पाइपने ट्यूनिंग खाली असतं. कापत गेलं की वर चढतं. आता कोणता पाइप कापायचा? खालच्या फ्रिक्वेन्सीला मधल्या पाइपातून फारशी हवा जात नाही हे आपण पाहिलं. म्हणून मधला पाइप कापला तर खालची दरी जेमतेम हलते आणि वरची बरीच सरकते. बाहेरचे दोन कापले तर खालची दरीही नीट सरकते. तेव्हा आधी बाहेरचे दोन सारखेच कापून खालची दरी ४० वर आणा, आणि मग मधला कापून वरची जागेवर बसवा. वरची दरी उथळ आणि पसरट दिसत असेल तर पाइपला हात लावू नका. तिथे पार्टिशन गळतंय.

वरच्या ट्यूनिंगजवळचा खड्डा कुठे पडावा हेही याच टप्प्यावर ठरवता येतं. आपल्या डब्यात तो ७९ हर्ट्झच्या आसपास पडतो. साध्या गिटारच्या सर्वात जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झचा आहे, म्हणजे अगदी शेजारी. गिटारसाठी डबा असेल तर मधला पाइप आणखी थोडा आखूड करून खड्डा वर सरकवावा. ढोलासाठी असेल तर ज्या ढोलाबरोबर डबा वाजणार, तो रेकॉर्ड करून त्याचा मुख्य सूर कितीला येतो ते सॉफ्टवेअरमध्ये बघावं आणि खड्डा त्यापासून दूर ठेवावा. लहान कप्प्याच्या भिंतींना पातळ फोम लावला तर खड्डा थोडा भरतो, पण वरच्या ट्यूनिंगची धारही तेवढीच बोथट होते. मी फोम मोठ्या कप्प्यात, वूफरच्या मागच्या भिंतीवरच लावावा असं सांगेन. तो मधल्या सुरांचं घुमणं शोषतो आणि बेसला हात लावत नाही.

पाइप जागेवर चिकटवल्यावर अँप्लिफायरच्या आधी ३५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावा, दर सप्तकाला २४ डेसिबलचा. मिक्सरवरच्या साध्या लो-कट बटणाने हे काम होत नाही. ते बहुधा ७५ ते १०० हर्ट्झलाच कापतं, म्हणजे ज्यासाठी डबा बांधला तोच बेस जातो. फिल्टर लावल्यावर ३० हर्ट्झच्या सुराला पडदा किती हलतो आणि ४० च्या सुराला किती, हे जवळून बघा. ४० ला तो जवळपास स्थिर दिसला पाहिजे.

पहिला पावसाळा गेला की वूफरचे स्क्रू एकदा आवळा आणि इम्पीडन्सचा आलेख पुन्हा काढा. दोन्ही दऱ्या जुन्या जागी आणि तितक्याच खोल असतील तर सांधे धरून आहेत. वरची दरी भरत चाललेली दिसली तर वूफर काढून, हात आत घालून, पार्टिशनच्या कडेला सिलिकॉन पुन्हा भरावं लागेल.